बाली बेटांतील एक सूतिकागृह

बाली बेटास जाणारे आपले बहुतेक प्रवासी समुद्रकिनारा, देवळें आणि माकडांचें वन इतकें पाहून परत येतात, आणि घरीं आल्यावर तेथील हिंदु धर्माविषयीं दोन कौतुकाचे शब्द बोलून मोकळे होतात. त्यांत त्यांचा दोष नाहीं. मुक्काम चार दिवसांचा, आणि मोटार हांकणारा जें दाखवील तें पाहावयाचें. गतवर्षीं ज्येष्ठ महिन्यांत आम्ही घरची मंडळी तिकडे गेलों, तेव्हां मींहि एका वहींत पाहण्याजोग्या स्थळांची यादी उतरून घेतली होती. तींत देवळें होतीं, भातशेती होती, एक ज्वालामुखीहि होता. सूतिकागृह नव्हतें. तें आमच्या कन्येनें घातलें, आणि आज यादींतील इतर स्थळें आठवावयास वही उघडावी लागते, या एकासाठीं लागत नाहीं.

ही कन्या सिंगापुरास असते. तेथून बाली विमानानें अवघ्या अडीच तासांच्या वाटेवर. दोन वर्षांपूर्वीं तिला मुलगा झाला, तो आपल्याकडील एका मोठ्या शहरांतील नामांकित इस्पितळांत. बाळंतपण अडलें आणि पोट चिरून मूल काढावें लागलें. त्या शस्त्रक्रियेविषयीं माझी तक्रार नाहीं. ती वेळेवर झाली नसती तर मायलेकरांपैकीं कोणीहि हातीं लागलें नसतें. परंतु मूल चांगलें ठणठणीत असतांनाहि त्यास चार दिवस कांचेच्या खोलींत ठेविलें. आईला चाकांच्या खुर्चींत बसवून दिवसांतून दोनदां तेथें नेत आणि कांचेबाहेरून तें दाखवीत. कारण विचारलें असतां ‘येथली पद्धत आहे’ एवढेंच उत्तर मिळे. तेव्हांपासून त्या चार दिवसांविषयीं ती कोणाशींहि बोलली नव्हती. आईनें विषय काढला तरी उठून जावयाची. म्हणून उबुदच्या मुक्कामांत एका रात्रीं, ‘‘बाबा, उद्यां मला येथलें एक प्रसूतिगृह पाहावयाचें आहे,’’ असें ती म्हणाली तेव्हां आम्हां उभयतांस आश्चर्य वाटलें. जांवईबापूंनीं आधींच पत्र पाठवून परवानगी मिळविली होती, असें मागाहून कळलें.

उबुद हें गांव विमानतळाच्या उत्तरेस सुमारें ३५ किलोमीटरांवर आहे. आजूबाजूस भाताचीं खाचरें पायऱ्यापायऱ्यांनीं उतरत गेलेलीं दिसतात. त्यांना पाणी वांटून देण्याची ‘सुबक’ नांवाची जी शेतकऱ्यांची सामायिक व्यवस्था आहे, तिला युनेस्कोनें २०१२ सालीं जागतिक वारशांत स्थान दिलें; पण तो स्वतंत्र लेखाचा विषय होईल. माकडांचें प्रसिद्ध वन गांवाच्या दक्षिणेस आहे आणि त्या वनाला लागूनच न्युह कुनिंग हें खेडें. न्युह म्हणजे नारळ व कुनिंग म्हणजे पिवळा. हें खेडें लाकडावर कोरीव काम करणाऱ्यांचें. दर दोन-चार घरांआड छिन्नीचा आवाज ऐकूं येतो. एका अंगणांत अर्धवट कोरलेला गरुड उभा होता. आमच्या नातवानें त्याला मिठी मारली ती सोडवतां सोडवतां आम्हांस उशीर झाला.

संस्थेचें नांव ‘बुमी सेहात’. यांतील पहिला शब्द आपली ‘भूमि’ आणि दुसरा अरबींतून आलेली ‘सेहत’. दोन्ही मिळून ‘निरोगी धरणी’ असा अर्थ. इंडोनेशियाच्या भाषेंत संस्कृत शब्दांची गर्दी आहे, मात्र त्यांचे उच्चार तिकडच्या जिभेला सोसतील तसे झाले आहेत. भाषा ‘बहासा’ झाली, स्वामी ‘सुआमी’ होऊन नवरा या अर्थीं रूढ झाला, आणि स्त्री ही ‘इस्त्री’ होऊन पत्नी झाली. ही शेवटची व्युत्पत्ति मीं आमच्या कुटुंबास मोठ्या उत्साहानें सांगितली. ‘‘त्यांत नवल काय? आपल्याकडेहि इस्त्री तिच्याच हातांत असते,’’ असा तिचा अभिप्राय पडला.

ही संस्था रॉबिन लिम या बाईंनीं काढली. त्यांची आई फिलिपाइन्सची व वडील अमेरिकन. आजी फिलिपाइन्समध्यें सुईणपण करी. धाकटी बहीण गर्भारपणांतील गुंतागुंतीमुळें वारली. पोटांतील मूलहि वांचलें नाहीं. त्या दुःखानंतर बाई पति व मुलांसह बालीस येऊन राहिल्या, सुईणपणाचें रीतसर शिक्षण त्यांनीं घेतलें, आणि गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत आसपासच्या गरीब बायकांचीं बाळंतपणें करूं लागल्या. आरंभीं हें सारें राहत्या घरींच चाले. २६ डिसेंबर २००४ च्या सागरी लाटेनें सुमात्रा बेटाच्या उत्तर टोंकाचा आचे प्रांत धुऊन नेला, तेव्हां त्या तिकडे धांवल्या व तेथेंहि एक दवाखाना उभा केला. आचे हा कडवा मुसलमानी मुलूख, हे बालीचे हिंदु. परंतु जन्मलेल्या मुलाच्या कानांत तेथें बापानें अजान म्हणावी यांत सुइणींना कांहीं अडचण वाटली नाहीं. २०१३ च्या नोव्हेंबरांत फिलिपाइन्सच्या लेयटे बेटावर चक्रीवादळ झालें, तेव्हां तंबूंत बाळंतपणें केलीं. २०११ सालीं अमेरिकेंतील सी. एन्. एन्. वृत्तवाहिनीनें बाईंना त्या वर्षींच्या ‘वीरां’मध्यें पहिलें स्थान देऊन अडीच लाख डॉलरांचें पारितोषिक दिलें, म्हणून त्यांचें नांव जगभर झालें. तेथें त्यांना सर्व लहानथोर ‘इबू रॉबिन’ म्हणतात. इबू म्हणजे आई. आम्ही गेलों त्या दिवशीं त्या तेथें नव्हत्या.

सकाळीं नऊच्या सुमारास आम्ही पोंचलों. उंबऱ्याशीं नारळाच्या पानांची चिमुकली परडी, तींत फुलें आणि जळती उदबत्ती. अशी परडी त्या बेटावर प्रत्येक दारापुढें रोज सकाळीं ठेवतात. वहाणा बाहेर काढून आंत गेलों. ओसरीवर दहा-बारा गर्भवती बसल्या होत्या. कोणाची सासू बरोबर, कोणाचा नवरा, एक-दोन परदेशीय गोऱ्या बायकाहि त्याच बांकावर. एका सुईणबाईनें आमची व्यवस्था पाहिली. शिकून परीक्षा दिलेल्या सुइणीला तिकडे ‘बिदान’ म्हणतात व समाजांत तिला मान आहे. तिचें इंग्रजी शाळेपुरतें आणि माझेंहि शाळेंत शिकविण्यापुरतें, त्यामुळें आमचें उत्तम जमलें.

केंद्र रात्रंदिवस उघडें असतें. ज्याला देतां येईल त्यानें द्यावें, ज्याला येत नाहीं त्याला परत पाठवावयाचें नाहीं, हा येथला मूळ नियम. पैसा मुख्यतः देणग्यांतून येतो. गर्भवतीची तपासणी, औषधें, बाळंतपण, पुढें बाळाचें पाहणें हें सारें येथेंच. पाण्यांत प्रसूत होण्याची इच्छा असलेल्या स्त्रीसाठीं कोमट पाण्याचा हौद असतो आणि त्या पाण्यावर फुलांच्या पाकळ्या सोडतात. या पाकळ्यांचीं छायाचित्रें परदेशीय मासिकांतून पुष्कळ छापून येतात. मला विचाराल तर पाकळ्यांपेक्षां दाराशीं उभी असलेली रुग्णवाहिका अधिक मोलाची. बाळंतपण अडतें असें दिसतांच बाईला मोठ्या इस्पितळांत नेतात, आणि सुईणहि बरोबर जाते, असें त्या बिदाननें सांगितलें. हें ऐकून माझ्या मनांतील पहिली शंका फिटली. अडलेल्या बाळंतिणीस नुसत्या मायेच्या शब्दांनीं सोडवतां येत नाहीं, हें आम्ही घरच्या घरीं पाहिलें होतें.

आमचें कुटुंब एव्हांना ओसरीवर एका म्हातारीशेजारीं जाऊन बसलें होतें. त्या दोघींना एकमेकींची एक अक्षर भाषा येत नव्हती आणि तरी त्यांचें बोलणें अखंड चाललें होतें. इतक्यांत एक तरुण मनुष्य आंतून पांढऱ्या वस्त्रांत गुंडाळलेलें मडकें दोन्ही हातांनीं जपून घेऊन आला, भावाच्या मोटारसायकलीवर मागें बसला, मडकें मांडीवर धरलें, आणि दोघे हळूहळू निघून गेले. मी त्यास कांहीं देवाचें समजत होतों. ‘‘अहो, वार आहे ती,’’ आमचें कुटुंब म्हणालें. ‘‘घरीं पुरायला नेतोय.’’ म्हातारीनें मान हलविली. जणूं तिला मराठी समजलें होतें.

मग बिदानकडून सविस्तर ऐकावयास मिळालें. बालीच्या लोकांची समजूत अशी कीं मूल एकटें जन्मत नाहीं. गर्भजल, रक्त, अंगावरचा पांढरा लेप आणि वार हीं चार भावंडें त्याच्याबरोबर येतात व जन्मभर त्याची राखण करतात. म्हणून वार धुऊन, नारळाच्या करवंटींत किंवा मडक्यांत घालून, पांढऱ्या वस्त्रांत बांधून बापानें स्वतः घराच्या दाराशीं पुरावयाची. मुलगा असल्यास उजवीकडे, मुलगी असल्यास डावीकडे. त्या जागीं दिवा लावतात, नैवेद्य दाखवितात. मूल १०५ दिवसांचें होईपर्यंत त्याचा पाय जमिनीला लागूं देत नाहींत. तोंवर तें देवाघरचेंच मानतात. जन्मापासूनच्या या संस्कारांना त्यांच्याकडे ‘मनुष्ययज्ञ’ म्हणतात. आपल्या पंचमहायज्ञांत मनुष्ययज्ञ म्हणजे अतिथिसत्कार. विचार करतां करतां मला वाटूं लागलें कीं बालीच्या लोकांनीं अर्थ फार दूर नेलेला नाहीं; घरांत येणारें मूल हाहि एक अतिथीच. वार पुरण्याची चाल आपल्याकडेहि होती. परसांत कोणत्या झाडाखालीं कोणाची वार पुरली तें माझी आजी सांगत असे. आतां इस्पितळांत ती कोठें जाते, हें विचारण्याचें कोणाच्या मनांतहि येत नाहीं.

नाळेच्या बाबतींत मात्र तेथें कांहीं मतें मला मान्य न होण्यासारखीं आढळलीं. मूल जन्मतांच नाळ घाईनें कापावयाची नाहीं, तिचें स्फुरण थांबूं द्यावयाचें, हा नियम. यांत वाद नाहीं. जागतिक आरोग्य संघटनाहि निदान एक मिनिट थांबण्यास सांगते. वारेंतील रक्त मुलास मिळून त्याच्या अंगीं लोहाचा सांठा वाढतो, असें तिचें कारण. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायांत जातकर्म नालच्छेदनापूर्वीं करावें असें सांगितलें आहे, तेंहि मला तेथें आठवलें. पण आपल्या पूर्वजांना लोहाचें गणित ठाऊक होतें असें म्हणणाऱ्यांपैकीं मी नव्हें. त्यांनीं बापाला तूप-मध चाटवावयास व कानांत मंत्र म्हणावयास थोडा वेळ दिला. तेवढ्यांत मुलाचें हित झालें असल्यास चांगलेंच झालें. याच्या पुढची पायरी म्हणजे नाळ मुळींच न कापतां वार मुलाजवळ ठेवून ती आपोआप सुटूं द्यावयाची. ज्यांची इच्छा असेल त्यांच्यासाठीं येथें तसेंहि करतात. परंतु निर्जीव झालेली वार मुलाला जोडून ठेवण्यांत जंतुदोषाचा धोका आहे, असें ब्रिटिश प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेनें २००८ सालींच बजाविलें आहे, आणि मला तें पटतें. रॉबिनबाईंचें वारेवर एक पुस्तक आहे. त्याच्या नांवांत वारेला ‘विसरलेलें चक्र’ म्हटलें आहे. आपल्या योगशास्त्रांतील चक्रांत अशी भर घालण्याचा अधिकार त्यांना कोणी दिला हा प्रश्न माझ्या जिभेवर आला होता. पण समोर बसलेल्या बायकांकडे पाहून तो मीं गिळला.

अकराच्या सुमारास एका बंद दारामागून कण्हणें ऐकूं येऊं लागलें. मधून मधून बायकांचें हळू आवाजांतील बोलणें येई. ओसरीवरचीं माणसें गप्प झालीं. बराच वेळ गेला. मग एकाएकीं मुलाचा टाहो, आणि थोड्याच वेळांत तोहि शांत झाला. आम्ही सर्व त्या दाराकडे पाहत राहिलों. आपल्याकडची संवय अशी कीं, आतां परिचारिका दुपट्यांत गुंडाळलेलें मूल घेऊन बाहेर येईल, मुलगा कीं मुलगी तें सांगेल, आजोबांनीं खिशांत हात घालावा, आणि ती मूल घेऊन बोळाच्या दुसऱ्या टोंकाला दिसेनाशी व्हावी. दार उघडलें नाहीं. पांच मिनिटें गेलीं, पंधरा गेलीं.

‘‘मूल कोठें नेलें?’’ कन्येनें बिदानला विचारलें.

‘‘नेलें नाहीं. तें आईच्या छातीवर आहे.’’

‘‘वजन? आंघोळ?’’

‘‘तें मागाहून.’’

‘‘मागाहून म्हणजे केव्हां?’’

‘‘त्यांचें झालें म्हणजे,’’ ती बिदान म्हणाली. यांत कांहीं विशेष सांगण्यासारखें आहे असें तिच्या चेहऱ्यावर दिसलें नाहीं.

कन्या उठली आणि अंगणांतल्या चाफ्याखालीं जाऊन आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. मी उठूं लागलों तों आमच्या कुटुंबानें डोळ्यांनीं खूण केली, म्हणून जागचा हललों नाहीं. ती पुष्कळ वेळ तशीच उभी होती. शेवटीं नातू धांवत जाऊन तिच्या पायांना बिलगला, तेव्हां तिनें त्याला उचललें आणि एवढ्या मोठ्या पोराला खांद्यावर घेऊन ती अंगणांत येरझारा घालूं लागली.

आतां थोडें पैशाविषयीं. २०११ च्या पारितोषिकाच्या वेळीं रॉबिनबाईंनीं सांगितलें होतें कीं, इंडोनेशियांतील सामान्य कुटुंबाची रोजची मिळकत आठ डॉलरांच्या आसपास, इस्पितळांतील साध्या बाळंतपणास सुमारें ७० डॉलर पडतात, आणि पोट चिरावें लागलें तर ७०० पर्यंत. बिल फिटेपर्यंत मूल अडकवून ठेवण्याचे प्रकार घडतात, असेंहि त्या सांगत. १ जानेवारी २०१४ पासून त्या देशांत सरकारी आरोग्यविमा सुरू झाला व स्थिति पालटूं लागली, तरी २०२० च्या जनगणनेप्रमाणें दर लाख जन्मांमागें १८९ माता दगावत होत्या. २०१८–२० या काळांत आपल्या देशाचा तोच आंकडा ९७ व महाराष्ट्राचा ३३ होता. म्हणजे जीव वांचविण्याच्या कामांत आपण मागें नाहीं. उलट महाराष्ट्रानें अभिमान बाळगावा असें तें काम आहे. पण दुसराहि एक आंकडा आहे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत आपल्या सरकारी दवाखान्यांतील शंभर बाळंतपणांपैकीं सुमारें १४ शस्त्रक्रियेनें झालेलीं आढळलीं, आणि खाजगी इस्पितळांत ४७. अडलेल्या बाया नेमक्या खाजगी इस्पितळांतच एवढ्या जमतात, असें मानावयास माझें मन तयार होत नाहीं. शस्त्रक्रिया लागेल तेथें व्हावीच. पण तिच्यानंतर धडधाकट मूल आईपासून दूर ठेवावयास कोणतें शास्त्र सांगतें तें कोणी दाखवून द्यावें. जागतिक आरोग्य संघटना तर जन्मानंतरचा पहिला तास मूल आईच्या उघड्या अंगाशीं असावें असें म्हणते. त्याला ना हौद लागतो, ना पाकळ्या, ना परदेशीय देणग्या. घरोघरच्या वडीलधाऱ्या बायकांनीं सुनेचें नांव इस्पितळांत घालतेवेळींच हा एक प्रश्न विचारून ठेवावा. पुरुषांनीं विचारला तरी चालेल; मीं विचारला नव्हता, कारण असें कांहीं विचारावयाचें असतें हेंच आम्हां कोणाला ठाऊक नव्हतें.

निघतांना देणगीच्या पेटींत आम्हीं यथाशक्ति टाकलें. आमच्या कुटुंबानें पिशवींतून सुंठीची पुडी काढून त्या म्हातारीला दिली आणि बाळंतिणीला कशी द्यावयाची तें हातवाऱ्यांनीं समजावलें; म्हातारीनें ती हुंगून पाहिली व हंसून कनवटीस खोंचली. ज्यांना तेथें जावयाचें असेल त्यांनीं आधीं पत्र पाठवून वेळ ठरवावी, आणि छायाचित्रें काढूं नयेत. तीं माणसांचीं बाळंतपणें आहेत, देखावा नव्हे.

दुपारीं बारा वाजतां गांवांतील सभामंडपाच्या ध्वनिक्षेपकावरून त्रिसंध्येचे मंत्र सुरू झाले. बालीचे लोक दिवसांतून तीन वेळां ही प्रार्थना म्हणतात व तिचा आरंभ गायत्रीनें होतो. उच्चार निराळे, ‘भ’ चा ‘ब’ झालेला, पण ओळखूं येत होती. मी मोटारींत बसल्या बसल्या हात जोडले. त्या दिवशींचें पुढचें स्थळ ज्वालामुखी होतें, तें आम्हीं रद्द केलें.

वाटेंत कन्या आईच्या शेजारीं बसली होती. नातू तिच्या मांडीवर झोंपला होता. आम्ही माकडांच्या वनाला वळसा घालून निघालों असूं, तेव्हां तिनें आपण होऊनच त्या चार दिवसांविषयीं बोलावयास आरंभ केला. काय बोलली तें येथें लिहिण्याचें नाहीं. जांवईबापूंनीं मोटारवाल्याला उतरण्याच्या ठिकाणाऐवजीं सरळ पुढें जावयास सांगितलें, आणि समुद्र दिसूं लागला तरी ती बोलतच होती.